ऐकायचं, पण कुणाचं?

पत्र : "मी ३८ वर्षांची, पुण्यात नर्स आहे. आमचं मूळ गाव अहिल्यानगर जिल्ह्यात. दोन वर्षांपूर्वी पप्पा प्रभूत निजले. मृत्युपत्र केलेलं नव्हतं. गावी चार एकर जमीन, विहीर आणि घर. शेती दादा बघतो, मम्मी तेव्हापासून माझ्याकडे आहे. आता दादा म्हणतो, हक्कसोडपत्रावर सही कर, मम्मीचीही सही घेऊ. पुढच्या महिन्यात नोंदणीची तारीख घेतली आहे. मी 'विचार करते' म्हटलं, तर तो आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना घेऊन घरी आला. त्यांनी बायबलमधला १ शमुवेल १५ हा अध्याय वाचला : यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं, आणि बंडखोरी हे जादूगिरीसारखं पाप. म्हणाले, वडिलांच्या जागी भाऊ आहे, त्याचं ऐकणं म्हणजे देवाचं ऐकणं. प्रार्थना करून गेले. तेव्हापासून मला झोप नाही. जमीन गेली तरी चालेल, पण देवाची आज्ञा मोडल्याचं ओझं घेऊन जगायचं नाही. मी खरंच बंड करते आहे का?"

ताई, नाही. तुम्ही बंड करत नाही आहात. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

पाळकसाहेबांनी वाचला तोच अध्याय आपण उघडू. दोन ओळी नाही, अख्खा. शौल राजा अमालेक्यांवर चालून जातो. लुटीतलं काहीही राखायचं नाही, असा त्याला हुकूम असतो. तो अगाग राजाला जिवंत ठेवतो, मेंढरा-गुरांतली उत्तम उत्तम बाजूला काढतो आणि टाकाऊ तेवढी नष्ट करतो. संदेष्टा शमुवेल भेटायला येतो तेव्हा शौल स्वतःच पुढे होऊन सांगतो की मी परमेश्वराची आज्ञा पाळली. शमुवेल विचारतो, मग माझ्या कानावर हे मेंढरांचं ओरडणं कसलं येतंय? शौलाचं उत्तर तयार असतं : ती लोकांनी देवाला यज्ञ करायला राखून ठेवलीत. या सबबीवर शमुवेल जे बोलला, ती तुम्हाला वाचून दाखवलेली ओळ.

ती ओळ कुणाला उद्देशून आहे ते बघा. ज्याच्या हातात माल आहे, ज्याच्याकडे सत्ता आहे, आणि जो माल हातात ठेवण्यासाठी देवाचं नाव पुढे करतो आहे, त्याला. ज्या बाईकडून कागदावर सही मागितली जाते आहे, तिला नाही.

आणि लगेच पुढे, चोविसाव्या ओळीत, शौल कबुली देतो. आपण काय चुकलो हे तो स्वतःच्या तोंडाने सांगतो : मी लोकांना भ्यालो आणि त्यांचं ऐकलं. पाळकसाहेब त्या ओळीपर्यंत पोचले असते तर बरं झालं असतं. तुम्ही माणसांना भिऊन सही करावी यासाठी जो अध्याय वापरला गेला, त्याच अध्यायात माणसांना भिऊन त्यांचं ऐकणं यालाच आज्ञाभंग म्हटलं आहे.

एक गोष्ट तुमच्यापासून लपवत नाही. त्या अध्यायाच्या सुरुवातीची आज्ञा, अमालेक्यांच्या बायका आणि तान्ही मुलंसुद्धा मारून टाकण्याची, माझ्या गळ्याखाली कधीच उतरलेली नाही. साठी उलटून गेली, अजून नाही. तो अध्याय मी वाचते तेव्हा अडखळतच वाचते. कुणाच्या घरी जाऊन, कुणाला वठणीवर आणायला तो सहज वाचता येतो, याचंच मला दुःख होतं.

आता त्या ओळीतल्या शब्दाकडे येते, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे सापडतं. आपल्या मराठी बायबलात 'आज्ञा पाळणे' असं आहे, पण मूळ हिब्रूत त्या जागी 'शमोआ' आहे, म्हणजे ऐकणं. हिब्रू शास्त्रात आज्ञापालनासाठी बहुतेक ठिकाणी हेच क्रियापद येतं, 'शमा', ऐकणे. त्याच्या जोडीने 'शामर' येतं, म्हणजे राखणं, जपणं. नव्या कराराच्या ग्रीकमध्येही तसंच : 'हुपाकोए' या शब्दात 'ऐकणे' हाच धातू दडलेला आहे. आणि आपल्याला हे समजायला हिब्रू शिकायची गरजच नाही. 'पोरगं माझं ऐकत नाही' असं आई म्हणते तेव्हा त्याच्या कानात दोष आहे असं कुणी समजत नाही. मराठीतही ऐकणं म्हणजे कानाने ऐकणं आणि मनाने मानणं, दोन्ही.

कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे यहूदी, लोकांची गोष्ट मला या शब्दापाशी नेहमी आठवते. त्यांची परंपरा सांगते की अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला त्यांच्या पूर्वजांचं गलबत फुटलं आणि सात पुरुष व सात बायका वाचल्या. ग्रंथ समुद्रात गेले. पुढे पिढ्यान् पिढ्या ते तेलाचे घाणे चालवत राहिले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. हिब्रू भाषा विसरली, सणांची नावं मराठी झाली, पण एक प्रार्थना तोंडात टिकली, 'शेमा'. हे इस्राएला, ऐक. परमेश्वर आमचा देव, परमेश्वर एकच आहे. बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातली ही ओळ. सुंता असो, लग्न असो, मयत असो, तीच. सगळं बुडाल्यावर त्या लोकांपाशी 'ऐक' हा एक शब्द उरला आणि तेवढ्यावर त्यांनी आपला देव जपला. सगळ्यांत मोठी आज्ञा कोणती असं विचारल्यावर येशूनेही सुरुवात याच ओळीने केली, मार्क १२ मध्ये आहे.

म्हणजे प्रश्न ऐकायचं की नाही हा नाहीच. कुणाचं ऐकायचं आणि कसं, हा आहे.

कसं, ते अब्राहामाकडे पाहिलं की कळतं. देवाच्या सांगण्यावरून आपल्या मुलाला, इसहाकाला, बळी द्यायला मोरिया डोंगरावर घेऊन जाणारा मुकाट अब्राहाम आपल्याला शब्बाथ शाळेपासून पाठ असतो. यहूदी लोक त्या प्रसंगाला 'अकेदा' म्हणतात, म्हणजे बांधणं. इसहाकाचं बांधणं. बळी दिला गेला नाही, हे त्या नावातच आहे. पण त्याच्या चार अध्याय आधी हाच अब्राहाम सदोम शहर वाचवण्यासाठी देवाशी घासाघीस करतो : पन्नास नीतिमान सापडले तर? पंचेचाळीस? चाळीस? थेट दहापर्यंत येतो. सगळ्या जगाचा न्यायाधीश न्याय करणार नाही काय, असं तो देवालाच विचारतो. आणि देव त्याला बंडखोर म्हणत नाही, प्रत्येक वेळी उत्तर देतो. मोशे जळत्या झुडपापाशी पाच सबबी सांगतो. ईयोब अध्यायच्या अध्याय भांडतो आणि शेवटी देव त्याच्या धार्मिक मित्रांवर रागावतो, त्याच्यावर नाही. देवाशी झगडला म्हणून याकोबाला इस्राएल हे नाव मिळालं, आणि तेच पुढे अख्ख्या लोकांचं नाव झालं. ज्या शास्त्रात आज्ञाधारकपणाला एवढा मान आहे, त्याच शास्त्रात प्रश्न विचारणाऱ्यांनाही एवढी जागा आहे. मला त्यात विरोध दिसत नाही. जो खरंच ऐकतो तोच उलट विचारतो. न ऐकणारा नुसती मान हलवतो.

आणि आता त्या पाच बहिणी. तुमचं पत्र वाचताना पहिल्यांदा मला त्याच आठवल्या. बायबलातलं 'गणना' हे पुस्तक, अध्याय २७. महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, सलाफहादाच्या मुली. बाप रानात वारला, भाऊ नाही. वचनदत्त देशाची वाटणी ठरते आहे आणि नियमाप्रमाणे बापाचं नाव वाटणीतून गळणार. त्या पाचजणी निवासमंडपाच्या दारापाशी मोशे, एलाजार याजक, सरदार आणि सगळी मंडळी यांच्यासमोर उभ्या राहतात आणि म्हणतात, आमच्या बापाच्या भाऊबंदांबरोबर आम्हालाही वतन द्या. मोशेकडे उत्तर नसतं. पण तो त्यांना 'बंडखोरी हे जादूगिरीसारखं पाप' असंही सुनावत नाही. तो त्यांचं म्हणणं जसंच्या तसं देवापुढे ठेवतो. आणि देव सांगतो, सलाफहादाच्या मुली बोलतात ते बरोबर आहे. नियम बदलतो. मागणी बायकांनी केली, आणि नियमशास्त्रात कलम देवाने घातलं.

तुमचा मामला त्यांच्यासारखा तंतोतंत नाही, हे मला ठाऊक आहे. तुम्हाला भाऊ आहे. त्यांच्या कथेलाही पुढे एक वळण आहे : कुळातल्या पुरुषांनी हरकत घेतली आणि वतन वंशाबाहेर जाऊ नये म्हणून त्यांना आपल्याच वंशात लग्न करण्याची अट आली. त्यांनी ती मानली. पण यहोशवाच्या सतराव्या अध्यायात त्या पुन्हा येतात, एलाजार आणि यहोशवासमोर उभ्या राहून वचनाची आठवण करून देतात आणि आपला वाटा घेतात. ईयोबाच्या शेवटच्या अध्यायातही, त्याने मुलींना भावांबरोबर वतन दिलं असं मुद्दाम लिहून ठेवलं आहे. मग वाटा मागणं हेच पाप, असं पाळकसाहेब कुठल्या पानावरून म्हणतील?

कायद्याचं थोडक्यात सांगते. आपल्या ख्रिस्ती लोकांना महाराष्ट्रात १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर पत्नीला एक तृतीयांश, उरलेले दोन तृतीयांश मुलांना सारखे, मुलगा-मुलगी भेद नाही. म्हणजे तुमच्या घरात मम्मीचा तिसरा हिस्सा, दादाचा तिसरा, तुमचा तिसरा. केरळात जुन्या त्रावणकोरच्या १९१६ च्या कायद्याने ख्रिस्ती मुलीला मुलाच्या वाट्याचा चौथा भाग किंवा ५,००० रुपये, यातलं जे कमी असेल ते मिळायचं. मेरी रॉय त्याविरुद्ध आपल्याच कुटुंबाशी लढल्या आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याही चर्चच्याच वातावरणात वाढलेल्या, आणि त्यांनाही बोल लावणारे कमी नव्हते.

तुमच्यासमोर दोन वचनं येतील, तेव्हा ती आधीच माझ्याकडून ऐका. लूक १२ मध्ये गर्दीतला एकजण येशूला म्हणतो, गुरुजी, माझ्या भावाला वतन वाटून द्यायला सांगा. येशू ते नाकारतो : मला तुमच्यावर वाटणी करणारा कुणी नेमलं? आणि लोभापासून जपा म्हणतो. हे वचन तुम्हाला सुनावलं जाईल. पण येशूने वाटणी करणारा व्हायलाच नकार दिला, हे पाळकसाहेबांनाही लागू आहे. लोभाचा इशारा मात्र खरा आहे, आणि तो घरातल्या प्रत्येकाला आहे, तुम्हालाही. रात्री झोप लागत नाही तेव्हा स्वतःला विचारा : मला वाटा हवा आहे तो मम्मीच्या म्हातारपणासाठी, की लहानपणापासून दादाला नेहमी जास्त मिळालं या जुन्या सलासाठी? सल असेल तर असू दे, माणसाला असतोच. फक्त त्याला ओळखा.

दुसरं वचन जास्त कठीण आहे. करिंथकरांस पहिलं पत्र, अध्याय ६ : भाऊ भावावर फिर्याद करतो, त्यापेक्षा अन्याय का सोसून घेत नाही? हे प्रेषित पौलाचं वाक्य आहे आणि ते पुसून टाकता येत नाही. पण त्याच्या आधीची ओळ वाचा. भावाभावांत निवाडा करील असा एकही शहाणा तुमच्यात नाही काय, असं तो मंडळीला लाजवून विचारतो. आणि पुढच्याच ओळीत दुसऱ्या बाजूला झापतो की तुम्हीच अन्याय करता, नाडता, आणि तेही आपल्या भावांना. म्हणजे मंडळीचं काम निवाडा करण्याचं आहे, दुबळ्या बाजूचा हात धरून सही करवण्याचं नाही.

'वडिलांच्या जागी भाऊ' हे दहा आज्ञांत नाही. आज्ञा आहे ती आईबापाचा मान राखण्याची. मान राखणं म्हणजे काय, यावर तालमुद या यहूदी धर्मग्रंथात गुरूंनी उत्तर दिलं आहे, आणि ते किती साधं आहे : खायला-प्यायला घालणं, नेसवणं-पांघरवणं, आत-बाहेर नेणं-आणणं. तुम्ही मम्मीसाठी दोन वर्षं हेच करता आहात. तेच गुरू असंही सांगतात की बापाने देवाची आज्ञा मोडायला सांगितली तर त्याचं ऐकू नये, कारण बाप आणि लेक दोघंही देवाचा मान राखायला बांधलेले आहेत. पौलही 'प्रभूमध्ये आईबापाच्या आज्ञेत राहा' म्हणतो आणि लगेच बापांना बजावतो की मुलांना चिडीला आणू नका.

मला तुमच्यापेक्षा तुमच्या मम्मीची जास्त काळजी आहे. तिचा एक तृतीयांश हिस्सासुद्धा सोडून घ्यायचा घाट आहे, हे तुम्ही पत्रात एका अर्ध्या वाक्यात लिहून पुढे गेलात. मार्क ७ मध्ये येशू कशावर संतापला होता आठवा. लोक आपली मिळकत 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेली, असं जाहीर करायचे आणि मग आईबापांना द्यायला मोकळे राहायचे नाहीत. देवाच्या नावाने म्हाताऱ्या आईच्या तोंडचा घास अडवणं! येशूने त्याला देवाचं वचन रद्द करणं म्हटलं. दादाच्या मनात असं काही नसेलही. त्याने पप्पांच्या आजारपणात केलं असेल, विहिरीचं कर्ज फेडलं असेल, उन्हातान्हात राबतो आहे, आणि वाटणी झाली तर सव्वा-दीड एकरात काय पिकवायचं ही भीती त्याला असेल. ती भीती खरी आहे, ऐकून घ्या. पण मम्मीची सही नको. ती हयात असेपर्यंत तिच्या नावावर काहीतरी असलंच पाहिजे.

आता मनातलं. मी ३४ वर्षं शाळेत शिकवलं. चोविसाव्या वर्षी पुढच्या शिक्षणासाठी मुंबईला जायची संधी आली होती. वडीलधाऱ्यांनी हेच 'यज्ञापेक्षा' वचन वाचलं आणि मी घरी राहिले. पुढे कितीतरी वर्षं मी त्याला माझा आज्ञाधारकपणा म्हणत आले. प्रार्थनेत तेच सांगायचे, आणि आत कुठेतरी देवाचा राग यायचा. देवाने ते मागितलंच नव्हतं, मी माणसांना भ्याले होते, हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली. तोवर रागाचं खापर देवावर फुटत राहिलं. तुमच्या 'ओझं घेऊन जगायचं नाही' या वाक्यापाशी मी म्हणूनच थांबले. भीतीने सही केलीत तर ओझं उतरणार नाही, नुसतं खांदा बदलेल.

'ख्रिस्त मरणापर्यंत आज्ञाधारक झाला' हेही कुणी तुम्हाला सांगेल. फिलिप्पैकरांच्या पत्रातलं ते वाक्य मला फार प्रिय आहे. पण गेथशेमाने बागेत, मरणाच्या आदल्या रात्री, तो आधी म्हणाला, हा प्याला माझ्यापासून दूर होऊ दे. तीनदा प्रार्थना केली, घाम गाळला. आणि योहान १० मध्ये त्याचं वाक्य आहे : माझा प्राण कुणी माझ्याकडून घेत नाही, मी होऊन तो देतो. कुणी हिसकावलेली गोष्ट अर्पण होत नाही. पौलही देणगीबद्दल तेच लिहितो, मनात ठरवल्याप्रमाणे द्या, नाखुशीने किंवा जबरदस्तीने नाही.

म्हणून, ताई, तुम्ही शेवटी तुमचा हिस्सा दादाला सोडलात तरी ते देवाचं ऐकणं असू शकतं, आणि ठेवलात तरी असू शकतं. मी तुमच्या वतीने ते ठरवणार नाही. पण पुढच्या महिन्याच्या तारखेला, या मनःस्थितीत, सही करू नका. नोंदणीकृत हक्कसोडपत्र एकदा झालं की ते फिरवणं फार अवघड असतं. दादाला आजच फोन करा, भांडू नका, 'तारीख रद्द कर, मी सहीला नाही म्हणत नाही, पण आधी बसून बोलू' एवढंच म्हणा. मग सातबारा आणि आठ-अ चे ताजे उतारे काढा, वारस नोंद कुणाकुणाच्या नावाने झाली आहे ते बघा. मम्मीचं नाव त्यात असलं पाहिजे.

वकिलाला एकदा कागद दाखवा, दादाने ठरवलेल्या नाही, तुमच्या. फीची अडचण असेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात बायकांना मोफत सल्ला मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

बैठक गावी नको, पुण्यात तुमच्या घरी ठेवा, मम्मी तिथे असते म्हणून. मंडळीतले दोन पंच बोलवा, दादाच्या मर्जीतले नाहीत आणि तुमच्याही नाहीत असे, आणि त्यांतली एक बाई असू द्या. दादाने केलेला खर्च कागदावर मांडायला लावा, विहीर, औषधपाणी, सगळं, आणि तो हिशेबात धरा. त्याचा हक्क आहे तो. जमीन न तोडता त्याने कसावी आणि मम्मीला दरवर्षी ठरलेली रक्कम द्यावी, असाही मार्ग निघतो. मी तो दोन घरांत निघालेला पाहिला आहे.

पाळकसाहेबांना टाळू नका. त्यांनी प्रार्थना केली ती मनापासून केली असेल. त्यांनाही बैठकीला बोलवा आणि सुरुवातीला वचन वाचायची विनंती करा. गणना २७, पहिल्या ओळीपासून अकराव्यापर्यंत. मम्मीला शेजारी बसवा, तिला कमी ऐकू येत असेल तर मोठ्याने वाचायला सांगा. आणि वाचून झाल्यावर सगळ्यांत आधी तिलाच विचारा, मम्मी, तुझं काय म्हणणं आहे?